ट्रायटन: पोहोचणे जमले, थांबणे बाकी आहे

सोलापूरच्या एका महाविद्यालयात पदार्थविज्ञानाच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या विद्यार्थिनीने विचारले आहे: "नेपच्यूनचा उपग्रह ट्रायटन व्हॉयेजर २ ने १९८९ साली जवळून पाहिला. त्यानंतर तिथे एकही यान का गेले नाही? शनीभोवती कॅसिनी तेरा वर्षे फिरले, मग नेपच्यूनभोवती तसे यान का ठेवता येत नाही? आणि पुढच्या ज्या योजना ऐकू येतात त्यांत दम आहे का?"

तुझ्या तीन प्रश्नांतला मधला सुटला की बाकीचे दोन बरेचसे आपोआप सुटतात. माझी सगळी नोकरी यानांचे मार्ग आखण्यात गेली, म्हणून मी त्याच बाजूने शिरतो. माझे मत आधीच सांगून टाकतो: ट्रायटनजवळून नुसते जाणारे दुसरे यान लवकरात लवकर पाठवायला हवे, थांबणाऱ्या यानाची वाट पाहत बसू नये. कारण ट्रायटनवर जे पाहायचे आहे त्याचे ऊन उतरत चालले आहे.

व्हॉयेजर २ निघाले २० ऑगस्ट १९७७ ला. गुरू, शनी, युरेनस अशा एकेका ग्रहाच्या गुरुत्वाचा झोका घेत ते बारा वर्षांनी नेपच्यूनला पोहोचले. २५ ऑगस्ट १९८९ रोजी ते नेपच्यूनच्या उत्तर ध्रुवाजवळ, ढगांच्या माथ्यापासून पाच हजार किलोमीटरहूनही कमी अंतरावरून गेले. एवढे जवळून जाण्याचे कारण ट्रायटनच होता. ध्रुवावरून घसटून गेले की नेपच्यूनचे गुरुत्व यानाचा मार्ग दक्षिणेकडे वाकवते, आणि त्या वाकलेल्या मार्गावर पुढे साधारण पाच तासांनी ट्रायटन भेटत होता, सुमारे ४०,००० किलोमीटरवर. नेपच्यूननंतर दुसरा ग्रह गाठायचा नव्हता, त्यामुळे मार्ग असा मनासारखा वाकवण्याची मोकळीक होती. त्याच मार्गावर यान पृथ्वीच्या दृष्टीने आधी नेपच्यूनच्या आणि मग ट्रायटनच्या मागे जाईल असेही साधले होते. रेडिओ लहरी ट्रायटनच्या हवेच्या कडेतून गाळून आल्या आणि त्यावरून हवेचा दाब कळला. मार्ग आखणाऱ्यांचे काम किती नेटके असू शकते याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

यान तोवर धडधाकट राहिलेले नव्हते. १९७८ सालीच मुख्य रिसीव्हर बंद पडला होता आणि राखीव रिसीव्हरला आपणहून फ्रिक्वेन्सी पकडता येत नव्हती. पृथ्वीवरूनच ती अंदाज बांधून, यानाच्या तापमानाप्रमाणे सरकवत पाठवावी लागे. शनीनंतर कॅमेऱ्याचे फिरते व्यासपीठ अडकले होते. आणि नेपच्यूनपाशी उन्हाची तीव्रता पृथ्वीवरच्या नऊशेव्या हिश्श्याइतकी! पृथ्वीपाशी हवेच्या वर चौरस मीटरला साधारण १,३६० वॉट मिळतात, तिथे दीड वॉट. अशा अंधुक उजेडात शटर कित्येक सेकंद उघडे ठेवावे लागते, आणि तेवढ्यात यान शेकडो किलोमीटर पुढे गेलेले असते. चित्र फाटू नये म्हणून मग अख्खे यानच थ्रस्टरच्या बारीक झटक्यांनी वळवायचे, कॅमेरा लक्ष्यावर खिळून राहील अशा बेताने. हे सगळे यानातल्या संगणकाला आधीच शिकवून ठेवलेले असायचे, कारण निरोप पोहोचायला चार तासांहून जास्त लागत होते.

एका चित्रात ८०० गुणिले ८०० बिंदू, प्रत्येक बिंदू ८ बिटचा. म्हणजे ५१ लाख बिट. नेपच्यूनहून जास्तीत जास्त वेग सेकंदाला २१,६०० बिट. भागाकार केलास तर एका चित्राला जवळपास चार मिनिटे येतात. ती कमी करण्यासाठी यानातल्या राखीव संगणकाला चित्रे दाबून लहान करण्याचे काम दिले गेले, आणि हे उड्डाणानंतर कित्येक वर्षांनी, वाटेत असताना. इकडे जमिनीवर ६४ मीटरच्या अँटेना रुंदावून ७० मीटरच्या केल्या, ऑस्ट्रेलियातली पार्क्सची रेडिओ दुर्बीण जोडली, न्यू मेक्सिकोतल्या सत्तावीस अँटेनांचा व्हेरी लार्ज ॲरे जोडला. फोनवर दिवसभर व्हिडिओ पाहणाऱ्या तुझ्या पिढीने हा हिशेब एकदा तरी कागदावर करून पाहावा.

एवढ्या खटपटीतून ट्रायटनचा सुमारे ४० टक्के पृष्ठभाग दिसला. आज आपल्याकडे ट्रायटनचा जो काही नकाशा आहे तो एवढाच. बाकीचा भाग एक तर अंधारात होता किंवा फार लांबून, धूसर दिसला.

पण त्या ४० टक्क्यांतच काय काय निघाले! व्यास २,७०७ किलोमीटर, आपल्या चंद्रापेक्षा लहान. तापमान उणे २३५ अंश सेल्सियस. पृष्ठभागावर गोठलेला नायट्रोजन, त्यात मिथेन, कार्बन मोनॉक्साइड, कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याचा बर्फ. हवा नायट्रोजनचीच, दाब पृथ्वीवरच्या सत्तर हजाराव्या हिश्श्याइतका. तीस-चाळीस किलोमीटर रुंदीचे खळगे एकमेकांना खेटून पसरलेला एक प्रदेश आहे, तसा प्रदेश सौरमालेत दुसरीकडे कुठे दिसलेला नाही. उल्काविवरे फारच थोडी. विवरे थोडी म्हणजे पृष्ठभाग नवा, बहुतेक अंदाजांनुसार दहा कोटी वर्षांहून तरुण. साडेचार अब्ज वर्षांच्या सौरमालेत हे वय काहीच नाही. आतून काहीतरी अजून चालू आहे, नाहीतर एवढा कोरा पृष्ठभाग राहिला नसता. (तिथल्या ठिकाणांना पाण्याशी संबंधित पुराणकथांतली नावे देतात. एका भेगांच्या पट्ट्याला यमुनेचे आणि काही डागांना महाभारतातल्या अकूपार कासवाचे नाव आहे. नकाशा उघडशील तेव्हा शोध.)

आणि कारंजी. ती भेटीच्या दिवशी कोणाच्या लक्षात आली नव्हती. वेगवेगळ्या कोनांतून घेतलेली चित्रे नंतर जोडीने तपासली तेव्हा दिसले की दक्षिण भागात काळपट धुराचे खांब सरळ ८ किलोमीटर वर जातात आणि तिथे वाऱ्याने आडवे होऊन शंभर-दीडशे किलोमीटर वाहत जातात. निश्चित म्हणावीत अशी दोन, त्यांना हिली आणि महिलानी म्हणतात. जमिनीवर मात्र तशाच काळ्या फराट्यांची संख्या शंभरावर आहे.

ही कारंजी कशाने उडतात हाच ट्रायटनचा सगळ्यात मोठा प्रश्न, म्हणून जरा थांबून पाहू. रूढ उत्तर उन्हाचे आहे. नायट्रोजनचा बर्फ बराच पारदर्शक असतो. ऊन त्यातून खाली उतरते, तळाशी काळपट थर असेल तर तो तापतो आणि उष्णता वरच्या बर्फाखाली कोंडली जाते. "तापतो" म्हणजे किती? फक्त चार अंश. पण ३८ केल्विनच्या (म्हणजे त्याच उणे २३५ अंशांच्या) आसपास नायट्रोजनचा बाष्पदाब तापमानाबरोबर इतका झरझर चढतो की चार अंशांनी तो सुमारे दहापट होतो. क्लॉसियस-क्लॅपेरॉनचे समीकरण तुझ्या अभ्यासक्रमात आहे, बर्फाची वाफ होतानाच्या अप्रकट उष्म्याचा आकडा घालून स्वतः काढून पाहा. एवढा दाब कोंडला की एखाद्या फटीतून वायू काळी धूळ घेऊन उसळतो. व्हॉयेजरच्या वेळी सूर्य ट्रायटनच्या दक्षिण गोलार्धावर होता आणि कारंजी नेमकी सूर्य डोक्यावर येणाऱ्या अक्षांशांच्या जवळपास होती, त्यामुळे हे उत्तर पटते.

दुसरे उत्तर असे की ही आतली उष्णता आहे, खाली द्रवरूप पाण्याचा थर आहे आणि त्याच्याशी कारंज्यांचा संबंध आहे. २००५ साली कॅसिनीने शनीच्या एन्सेलाडसवर पाण्याची कारंजी पकडली, तेव्हापासून या मताला वजन आले. दोन्हींतले कोणते खरे हे ठरवायची कसोटी सोपी आहे: सूर्य सरकल्यावर कारंजी त्याच्यामागून सरकतात की जागच्या जागी राहतात, ते पाहायचे. यासाठी दुसऱ्यांदा जायला हवे.

आता तुझा थांबण्याचा प्रश्न. पृथ्वीच्या कक्षेतून निघून नेपच्यूनच्या कक्षेला टेकणारा सर्वांत काटकसरीचा मार्ग घेतला, तर प्रवास साडेतीस वर्षांचा होतो. पोहोचताना यानाचा वेग सेकंदाला १.४ किलोमीटर उरतो, नेपच्यून स्वतः ५.४ च्या वेगाने चाललेला असतो, म्हणजे नेपच्यूनच्या दृष्टीने यान सेकंदाला ४ किलोमीटरने येते. ढगांपाशी नेपच्यूनचा मुक्तिवेग, म्हणजे त्याच्या ओढीतून सुटायला लागणारा वेग, सेकंदाला २३.५ किलोमीटर. दोन्हींचे वर्ग मिळवून वर्गमूळ काढलेस तर तिथला वेग २३.८ येतो. कक्षेत अडकायला फक्त ०.३ च्या आसपास कमी करायचे. नेहमीच्या द्रव इंधनाने यानाच्या वजनाच्या दहा टक्क्यांत काम होते.

पण तीस वर्षे कोण थांबणार? ज्याच्या उष्णतेवर यानाची वीज बनते तो प्लुटोनियम-२३८ दर ८७.७ वर्षांनी निम्मा होतो, उष्णतेची वीज करणारी जोडणी त्याहून लवकर थकते, आणि मोहीम सुरू करणारे लोक निवृत्त होतात. म्हणून बारा वर्षांत पोहोचू म्हटले तर व्हॉयेजरसारखे सेकंदाला १६ किलोमीटरने येऊन धडकतो. तेच गणित पुन्हा: २३.५ आणि १६ यांच्या वर्गांची बेरीज, वर्गमूळ २८.४. आता ब्रेक लावायचा तो ४.९ किलोमीटरचा. रॉकेटच्या समीकरणात घाल, पोहोचलेल्या वजनातले जवळजवळ ऐंशी टक्के इंधनच व्हायला हवे. उपकरणे कुठे ठेवायची?

कुर्डुवाडीला न थांबणारी गाडी फलाटावरून जाते तेव्हा पाटी वाचता येते, उतरता येत नाही, तसे हे आहे. घाईने जावे तर थांबता येत नाही आणि थांबायचे तर आयुष्य जाते. सगळ्या प्रस्तावांची ओढाताण या दोन टोकांमध्ये चालते. शनी तिप्पट जवळ असल्यामुळे कॅसिनीला ही अडचण एवढी जाणवली नाही, शिवाय तिथे टायटनसारखा जड उपग्रह वळणे घ्यायला होता. ट्रायटनचे वस्तुमान टायटनच्या सहाव्या हिश्श्याइतके. एकदा नेपच्यूनच्या कक्षेत शिरलो की वळणे घ्यायला तोही पुरतो, पण शिरायला हवे ना! नेपच्यूनच्या हवेतच घुसून घर्षणाने वेग मारायचा, अशी एक युक्ती आहे. कागदावर ती उत्तम जुळते आणि मला स्वतःला तिच्यावर भरवसा वाटतो. पण आजवर कोणत्याही यानाने दुसऱ्या ग्रहाभोवतीच्या कक्षेत शिरण्यासाठी ती वापरलेली नाही, आणि तिची पहिली चाचणी नेपच्यूनवर घ्यायला कोणी पैसे देणार नाही.

गंमत म्हणजे ट्रायटनपुढेही कधीकाळी हीच अडचण होती. तो नेपच्यूनभोवती उलट्या दिशेने फिरतो, ५.९ दिवसांत एक फेरी. सोबत जन्मलेला उपग्रह असा उलटा फिरणार नाही, म्हणजे तो बाहेरून, बहुधा नेपच्यूनपलीकडच्या बर्फाळ पिंडांच्या कायपर पट्ट्यातून आला आणि पकडला गेला. पकडले जायला वेग कमी व्हायला हवा. मग त्याला ब्रेक कोणी लावला? २००६ साली ॲग्नर आणि हॅमिल्टन यांनी मांडलेले उत्तर मला फार आवडते. ट्रायटन एकटा नव्हता, जोडीदाराभोवती फिरत आला. नेपच्यूनजवळ जोडी फुटली, जोडीदार जास्तीची ऊर्जा घेऊन निघून गेला आणि ट्रायटन राहिला. नंतर त्याची लांबट कक्षा गोल होत गेली, त्या काळात भरती-ओहोटीच्या ताणांनी तो आतून वितळला असणार. आतल्या समुद्राची शक्यता इथूनच येते.

प्रस्तावांकडे येऊ. ट्रायडंट हा त्यांतला सर्वांत पुढे गेलेला. लुईस प्रॉक्टर यांच्या नेतृत्वाखालचा, नासाच्या डिस्कव्हरी या कमी खर्चाच्या मालिकेतला. २०२० साली तो शेवटच्या चारांत आला. योजना अशी: २०२५ च्या सुमारास निघायचे, २०३२ मध्ये गुरूचा झोका घ्यायचा, २०३८ मध्ये ट्रायटनच्या पृष्ठभागापासून काही शे किलोमीटरवरून, त्याच्या विरळ हवेतून जायचे. थांबायचे नाहीच. व्हॉयेजर ४०,००० किलोमीटरवरून गेले होते हे लक्षात ठेव. सूर्याचे ऊन नसलेल्या बाजूची चित्रे नेपच्यूनवरून परावर्तित होणाऱ्या उजेडात घ्यायची होती, आणि आजच्या कॅमेऱ्यांना ते जमते.

समुद्र शोधायची त्यांची रीत समजून घेण्यासारखी आहे. नेपच्यूनचे चुंबकीय क्षेत्र त्याच्या अक्षाला ४७ अंश कललेले आहे. ग्रह सोळा तासांत फिरला की ट्रायटनपाशी ते क्षेत्र खालीवर होते. बदलत्या क्षेत्रात खारट पाण्याचा थर असेल तर त्यात प्रवाह निर्माण होतात आणि त्यांचे स्वतःचे क्षेत्र तयार होते. गॅलिलिओ यानाने गुरूच्या युरोपा या उपग्रहाचा समुद्र असाच ओळखला. ट्रायटनच्या बाबतीत खोच अशी की त्याच्या हवेचा वरचा थर बऱ्यापैकी विद्युतभारित आहे आणि तोही असेच क्षेत्र उभे करतो. दोन्ही वेगळे काढणे एका भेटीत अवघड, पण अशक्य नाही.

जून २०२१ मध्ये नासाने शुक्राच्या दोन मोहिमा निवडल्या, ट्रायडंट मागे राहिला. शुक्रावर कित्येक वर्षांत अमेरिकेचे यान गेले नव्हते, त्यामुळे त्या निवडीत अन्याय म्हणावा असे काही नाही. पण शुक्र दर एकोणीस महिन्यांनी पुन्हा सोयीच्या जागी येतो. गुरू आणि नेपच्यून यांची सोयीची जुळणी तेरा वर्षांनी एकदा येते.

नेपच्यून ओडिसी हा दुसऱ्या टोकाचा प्रस्ताव: मोठे यान, २०३३ ला प्रक्षेपण, सोळा वर्षांचा प्रवास, २०४९ ला नेपच्यूनभोवती कक्षेत, चार वर्षे मुक्काम आणि ग्रहाच्या हवेत सोडायचे एक उपकरणही. विज्ञान म्हणून अप्रतिम. पण पुढच्या दहा वर्षांच्या मोहिमांचा अग्रक्रम सुचवणाऱ्या २०२२ च्या अमेरिकी दशकीय आढाव्यात पहिला मान युरेनसभोवती फिरणाऱ्या यानाला मिळाला, कारण युरेनस जवळ आहे आणि हाताशी असलेल्या रॉकेटने गाठता येतो. अभियंता म्हणून मीही तोच कौल दिला असता. ट्रायटन हॉपर नावाची एक कल्पना नासाच्या ग्लेन केंद्रातून आली. पृष्ठभागावरचा नायट्रोजनचा बर्फ गोळा करायचा, टाकीत तापवायचा आणि त्याच वायूच्या जोरावर उड्या मारत फिरायचे, एका उडीत काही किलोमीटर. तिथले गुरुत्व आपल्या बाराव्या हिश्श्याइतके असल्याने हे जमण्यासारखे आहे. मात्र आधी ट्रायटनवर अलगद उतरता यायला हवे, म्हणजे पुन्हा ब्रेकचाच प्रश्न.

दरम्यान सूर्य सरकतो आहे. नेपच्यूनचे वर्ष आपल्या १६५ वर्षांचे. दक्षिणेतला उन्हाळा २००० सालाच्या सुमारास भर माथ्यावर होता. २०४६ च्या आसपास सूर्य विषुववृत्त ओलांडून उत्तरेला जाईल. ट्रायडंट २०३८ ला पोहोचला असता तर दक्षिणेवर अजून ऊन असताना पोहोचला असता. तेव्हा कारंजी थंडावलेली, उत्तरेकडे सरकलेली किंवा तशीच जागच्या जागी सापडली असती आणि तिन्हींतले काहीही सापडले तरी उत्तर मिळाले असते. ओडिसी मंजूर होऊन २०४९ ला पोहोचेल तेव्हा दक्षिणेच्या ज्या बर्फाच्या टोपीवर व्हॉयेजरने कारंजी पाहिली तिच्या ध्रुवावर दीर्घ रात्र सुरू झालेली असेल, आणि ती पुढची ऐंशी-एक वर्षे संपणार नाही. उत्तरेचा न पाहिलेला भाग उजेडात येईल हे खरे, पण ताडून पाहायला जुना भाग हाताशी राहणार नाही. म्हणून मी म्हणतो, छोटे, न थांबणारे यान आधी जाऊ द्या. तुझ्या "दम आहे का" या प्रश्नाचे उत्तर असे: तंत्रात दम आहे, मंजुरी आज एकाही योजनेला नाही.

तोवर पृथ्वीवरून एक काम चालू राहते, ते पिधानांचे. ट्रायटन एखाद्या ताऱ्यासमोरून जातो तेव्हा ताऱ्याचा उजेड हवेमुळे हळूहळू मंदावतो आणि त्या मंदावण्यावरून दाब काढता येतो. नव्वदच्या दशकातल्या पिधानांवरून हवा दाट होत असल्याचे वाटले होते. ५ ऑक्टोबर २०१७ चे पिधान युरोपभर टिपले गेले, त्यातून आलेला दाब व्हॉयेजरच्या आकड्याच्या जवळच निघाला. ६ ऑक्टोबर २०२२ चे चीनमधून टिपले गेले. लहान दुर्बिणींच्या नोंदीही यात उपयोगी पडतात.

तुला स्वतः पाहायचा असेल तर नेपच्यूनची प्रतियुती, म्हणजे तो आकाशात सूर्याच्या बरोबर समोर येण्याची वेळ, सध्या सप्टेंबरअखेरीस येते. आपल्या सोलापूरचा खरा पाऊस नेमका त्याच महिन्यात, म्हणून नोव्हेंबर-डिसेंबर धर. शहराच्या उजेडापासून दूर, नान्नजच्या माळरानाकडे जायला हवे. नेपच्यून तेजाने आठव्या प्रतीच्या आसपास (प्रतीचा आकडा जितका मोठा तितका तारा मंद), तो साध्या दुर्बिणीतही सापडतो. ट्रायटन साडेतेराव्या प्रतीचा आणि ग्रहापासून जास्तीत जास्त १७ विकलांवर (एक विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग), त्यासाठी दहा-बारा इंची आरसा आणि कॅमेरा लागेल. लागोपाठ सहा रात्री चित्रे घेतलीस तर पूर्ण फेरी मिळते. आणि प्रकल्पासाठी विषय हवा असेल तर वर दिलेली ब्रेकची दोन गणिते १६, २० आणि २५ वर्षांच्या प्रवासासाठी कर, प्रत्येक वेळी इंधनाचा हिस्सा काढ आणि आलेख काढून मला दाखव. माझ्या अंदाजाने चर्चा करण्यासारखे सगळे त्या आलेखाच्या मधल्या भागात आहे.